चौथी पट्टी

आमच्या ज्ञानूला कॉलनीत सगळे कुलूपवाला म्हणत, पण त्यानं जन्मात एक कुलूप विकलेलं नाही. माझा धाकटा भाऊ तो. कोयनानगरला प्रकल्पाच्या वर्कशॉपात फिटर होता. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला बाटलीचा, ह्याला कुलपांचा. तेही ट्रंकेला लावायचं साधं कुलूप नव्हे. तसलं तो हातात घेऊन नुसतं हलवायचा आणि बाजूला ठेवायचा. त्याला लागायची लिव्हरची कुलपं, पाच पट्ट्यांची, सहा पट्ट्यांची, जुन्या दारांतून निघालेली, भारी वजनाची. जुन्या बाजारात असलं एखादं बिनकिल्लीचं मिळालं की स्वारी पोरगं झाल्यासारखी घरी यायची. मग छत्रीच्या काड्या, सायकलच्या तारा घासून केलेली त्याची हत्यारं निघत आणि माझ्या पोळपाटावर तेलाचे डाग पडत.

हा नाद कुठून लागला ते फार थोड्यांना ठाऊक. सदुसष्टच्या भूकंपात आमची आई गेली. घर अंगावर पडून नव्हे, घर पहिल्या धक्क्याला तग धरून होतं. त्या महिन्यात चोऱ्या होत होत्या, म्हणून आई आतून कुलूप घालायची आणि किल्ली पानसुपारीच्या चंचीत ठेवून निजायची. धरणी हलली तेव्हा ज्ञानू रात्रपाळीवर होता. धावत आला तर आई आत बोलत होती. चंची सापडत नाही म्हणत होती. हा बाहेरून दाराला धडका देत होता. मग दुसरा धक्का आला. पुढचं मी सांगत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक नेम आहे. माणूस आत असताना कुलूप नाही. कडीसुद्धा नाही. थंडीच्या दिवसांत कुत्री आत येऊन निजतात, पण दार उघडं.

मी विधवा होऊन भावाकडे आले तेव्हा त्याची बायको नुकतीच काविळीनं गेली होती आणि पोर सहा वर्षांची होती. दीपमाला नाव, आम्ही दिपा म्हणायचो. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळत, ही बापाच्या मांडीवर बसून कुलपं खेळायची. ज्ञानू तिला सांगायचा ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. कुलपात पितळेच्या पट्ट्या एकावर एक असतात. प्रत्येक पट्टीला एक खाच. किल्लीचा एकेक दात एकेक पट्टी उचलतो, आणि प्रत्येक पट्टी जेवढी उचलायची नेमकी तेवढीच उचलली तर सगळ्या खाचा एका ओळीत येतात आणि खिट्टी सरकते. कमी उचलली तर नाही. जास्त उचलली तरी नाही. भाकरीच्या पिठात पाणी घालावं तसं ते काम आहे, मापाला हात लागतो. दिपाचा हात चांगला होता, पण एक खोड. चौथ्या पट्टीला आली की पोरीला घाई व्हायची आणि ती पट्टी जास्त वर जायची. दर वेळी. ज्ञानू तिच्या बोटावर टिचकी मारायचा.

आता त्या एका कुलपाचं सांगते. सांगलीच्या जुन्या बाजारात ते त्याला मिळालं, सहा लिव्हरचं, दारात बसवायचं, आतून-बाहेरून दोन्हीकडून किल्ली चालणारं. ते उघडायला त्याला आठ महिने लागले, कारण ते कुलूप चुगलखोर होतं. किल्लीवाचून कुणी उघडायला गेला आणि एक जरी पट्टी जास्त वर गेली, की आतली एक स्प्रिंग त्या पट्टीला वरच धरून ठेवायची. मग मालकानं खरी किल्ली घातली तरी ती फिरायची नाही. मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावलाय. त्याला सोडवायची एकच युक्ती, खरी किल्ली आधी उलटी फिरवायची. मग ते पट्टी सोडायचं आणि शहाण्यासारखं उघडायचं. ज्ञानूनं त्याच्या दोन किल्ल्या घासल्या आणि कॉलनीभर दाखवत फिरला.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात दिपाचं लग्न झालं. मुलगा सांगलीचा, प्रशांत. हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कारकून. घरी तो आणि त्याची आई बयाबाई. नावासारखाच शांत, मान खाली घालून बोलणारा. आम्हाला वाटलं, चला, पोरीला ओरडणारा नाही मिळाला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि आहेराच्या वेळी लोकांनी भांडी दिली तेव्हा ज्ञानूनं पिशवीतून ते कुलूप काढलं, दोन्ही किल्ल्यांसकट. त्याच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू ती. जावयाला सगळं समजावलं. हे कुणाला उघडणार नाही, आणि कुणी नुसता प्रयत्न जरी केला तरी हे तुम्हाला सांगेल. फक्त उलट्या किल्लीची युक्ती सांगितली नाही. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखतो, म्हणाला मला. मी म्हणाले, जावई काय आखाड्यात उतरणार आहे का तुझ्याशी?

प्रशांतनं ते कुलूप हातात घेतलं आणि फिरवून फिरवून किती तरी वेळ बघत राहिला. नवरीकडे त्यानं दोनदा बघितलं असेल. ते माझ्या डोळ्यांत राहिलं, पण लग्नाच्या मांडवात असल्या गोष्टी बोलत नाहीत.

पहिल्या दिवाळीला दिपा आली, वाळली होती. काही बोलली नाही. पुढच्या चौदा एप्रिलला आली नाही. आमच्यात जयंतीला लेक माहेरी येत नाही असं होत नाही. पत्रं येत होती ती दोन ओळींची, मग तीही थांबली. पावसाळा सरल्यावर ज्ञानू सांगलीला गेला. बयाबाईनं चहा दिला आणि दिपा मिरजेला पाहुण्यांकडे गेलीय म्हणून सांगितलं. कधी येणार, तर सांगता येत नाही. ज्ञानू परत आला आणि आठ दिवस कुठल्याच कुलपाला हात लावला नाही. पोलिसांत जा म्हणाल, तर कुलपं उघडणाऱ्या माणसानं चौकीत जाऊन काय सांगायचं? लेक भेटली नाही म्हणून?

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका सकाळी आठच्या सुमाराला, प्रशांत आमच्या दारात उभा. एकटाच. पहाटेच्या पहिल्या गाडीनं आला असणार. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते कुलूप.

दिपा बरी आहे, कामात आहे, असं त्यानं आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं. कुलूप बिघडलंय, म्हणाला. किल्ली फिरत नाही. चौकट फोडून काढावं लागलं. दुरुस्त करून द्या, दुपारच्या गाडीनं परत जायचंय.

"कुठल्या दाराला लावलं व्हतं, पाव्हणं?" ज्ञानूनं विचारलं.

"हळदीच्या खोलीला. पोती असतात."

मी चहा ठेवला. ज्ञानूनं खिडकीशी टेबल ओढलं, चष्मा लावला आणि कुलपाच्या मागचा पत्रा सोडवायला घेतला. प्रशांत खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून. पत्रा निघाला तेव्हा आतून थोडी पिवळी भुकटी टेबलावर सांडली. हळद खरी होती. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, असेल बाबा, पोत्यांचीच खोली असेल.

तेवढ्यात धरणी हलली. आमच्याकडे ते नवं नाही, महिन्यातून दोनदा मांडणीवरची भांडी बोलतात. पण प्रशांत खुर्ची पाडून उठला आणि दाराकडे धावला. दार उघडंच होतं, तरी त्याचे हात चौकटीवर कडी शोधत होते. भांडी गप्प झाली. ज्ञानू जागचा हलला नव्हता. दोन्ही तळव्यांनी त्यानं उघडं कुलूप झाकून धरलं होतं, पट्ट्या सांडू नयेत म्हणून.

"बसा," तो म्हणाला. "आमच्याकडं पळायला दार उघडावं लागत न्हाई."

मग तो मला म्हणाला, आक्का, जरा भिंग धर. मी भिंग धरलं. त्यानं बोलता बोलता काडीच्या टोकानं एकेक ठिकाण दाखवलं, बोलत मात्र होता तेलाचं आणि गंजाचं. किल्लीच्या बाहेरच्या भोकाला एक ओरखडा नव्हता. आतल्या भोकाला ओरखडेच ओरखडे. जुने काळे पडलेले, त्यांवर नवे, त्यांवर आणखी नवे, एका दिवसाचे नव्हेत, कितीतरी महिन्यांचे. भोकाच्या कडेला काळ्या रंगाचे टवके, केसांच्या पिनेला असतो तसल्या रंगाची. आणि पट्ट्यांच्या मधे गुंडाळून बसलेला हातभर लांब केस, खोबरेल तेलाचा.

हळदीची पोती आतून कुलूप उघडत नाहीत.

शेवटी त्यानं अडकलेली पट्टी उचकटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजली. चौथी होती.

मी मूठ मिटली. ज्ञानूनं माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं वर्कशॉपात काढलेला माणूस, त्याचा चेहरा लोखंडासारखा झाला होता. मला वाटलं आता हा उठतो आणि जावयाचा गळा धरतो. आईच्या दाराला धडका मारणारा ज्ञानू मला दिसायला लागला. पण धडका मारून काय होतं ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आत्ता भांडण काढलं तर हा पिशवी उचलून जाईल, आणि संध्याकाळपर्यंत पोरीला कुठं हलवेल ते कळणार नाही.

आणि मग मला ते उमगलं जे त्याला आधीच उमगलं होतं. कुलूप इथं. कुलूप घालणारा इथं. त्या दाराला आज कुलूप नाही.

"स्प्रिंग गेलीया," ज्ञानू म्हणाला. "नवी लागंल. कराडात मिळती. आक्का जाऊन घिऊन यील."

प्रशांत म्हणाला, मीच जातो, आणतो. ज्ञानू म्हणाला, तुम्हाला कुठली ते कळायची न्हाई. प्रशांत म्हणाला, मग राहू द्या, पुन्हा येईन. ज्ञानूनं टेबलावर पसरलेल्या पट्ट्या दाखवल्या. असं उघडं नेलं तर वाटेत सांडतील, मग जन्मात लागायचं नाही. प्रशांत पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याला ते कुलूप हवं होतं. बायकोपेक्षा हवं होतं. तो पुन्हा बसला.

साडेनवाची एसटी मी धरली. हातात पिशवी, पिशवीत बटवा आणि भाकरी. घाटात एका बाजूला गाडी तिरकी झाली की मला वाटायचं आता प्रशांत उठला असेल. कराडला उतरले आणि समोरच लागलेल्या सांगलीच्या गाडीत चढले. त्याच्या घरी फोन नव्हता, पण कोपऱ्यावर असतोच कुणाचा तरी. कोयनानगरहून एक फोन, की बयाबाई मला दारातच उभी करणार. सारी वाट मी तेवढंच घोकत होते, काय बोलायचं. लिहिण्यावाचण्यात मी दुसरीपर्यंतच, पण एक शाळा मी पुरी केलीय, ती म्हणजे दुःखाच्या बोलावण्याची. मयताचं किंवा मरणाच्या दारातलं बोलावणं आलं तर कुठलंही सासर सुनेला अडवत नाही. अडवलं तर गल्ली थुंकते.

सांगलीत नव्या हळदीचे दिवस. हमालांच्या भुवया पिवळ्या, कुत्री पिवळी. त्यांची गल्ली नदीच्या वरच्या अंगाला. दुपारचे दोन झाले होते, बाया दारात वाळवणं राखत बसल्या होत्या. मला त्याच हव्या होत्या. मी गल्लीच्या तोंडाशीच डोक्यावरचा पदर ओढला आणि सूर धरला. माझा भाऊ चालला गं बाई, पोरीचं तोंड बघायला जीव अडकलाय गं. भाऊ तिकडे पट्ट्या घाशीत बसला होता, पण तो सूर खोटा नव्हता. सत्तावीस वर्षं तो माझ्यात साठलेलाच होता.

बयाबाई बाहेर आली तोवर तिच्या दारात नऊ-दहा बाया जमल्या. ती म्हणाली, प्रशांत घरी नाही, तो आल्यावर पाठवते. मी म्हणाले, आवं, तो तिथंच हाय न्हवं का. त्याच्या म्होरंच ज्ञानूनं छातीला हात लावला. जावई उशाला बसल्यात, त्यांनीच मला धाडलंय.

 प्रशांत सकाळी कुठं गेला ते बयाबाईला माहीत होतं, त्यामुळे माझं खोटं तिला खरंच वाटलं असणार. तरी ती दार अडवून उभी. मग एक शेजारीण म्हणाली, बयाबाई, बाप मरतोय तिचा, घरात हाय न्हवं ती? दुसरी म्हणाली, असणार की, बाहेर कुठं दिसती. त्या बोलण्यात काय होतं ते मी ओळखलं. गल्लीला सगळं ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं.

मी आत गेले. मागच्या अंगाला एक खोली, दाराची चौकट फुटलेली. कुलूप नव्हतं. त्या जागी काथ्याच्या दोरीची गाठ, चार वर्षांच्या पोराला सुटेल अशी. मी ती सोडली. आत एका बाजूला चार पोती, एक पत्र्याची बादली, आणि भिंतीशी आमची दिपा. डोळे उजेडाला मिटत होते. बोटांची टोकं फुटलेली.

मी म्हणाले, चल. ती उठली नाही.

दार उघडं होतं, मधे कुणी नव्हतं, आणि पोर उठत नव्हती. "आत्या, तो येईल," एवढंच म्हणाली, तेही माझ्याकडे न बघता, दाराकडे बघून. बाहेर बयाबाई कुणाला तरी कोपऱ्यावरून फोन लाव म्हणत होती. बापाच्या आजारपणाचं दिपाला सांगितलं तरी ती तशीच. मला कळेना काय करावं. ओढून न्यायला माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

मग मी तिच्या कानाशी वाकले.

"चौथी पट्टी लय वर गेली व्हती तुझी," मी म्हणाले. "तुझ्या बापानं वाचली. त्यो बरा हाय. त्यानंच पाठिवलंय मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपलं बोट तिनं दुसऱ्या हातात धरलं, लहानपणी टिचकी बसल्यावर धरायची तसं. आणि उठली. चपला नव्हत्या. बायांनी वाट दिली, एकीनं आपल्या पायातल्या चपला काढून पुढे सरकवल्या.

कोयनानगरला जायचं नव्हतं. आम्ही साताऱ्याची एसटी धरली. साताऱ्यात माझी लेक असते, तिचा नवरा मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला. सारी वाट दिपा खिडकीशी बसली आणि प्रत्येक थांब्याला कोण चढतंय ते बघत राहिली.

ज्ञानू दुसऱ्या दिवशी आला. लेकीला बघून तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. नंतर मी विचारलं, कसा धरून ठेवलास त्याला? तर म्हणाला, काय नाय, दिवसभर घासत बसलो. चार वाजता म्हणालो, आक्काला काय स्प्रिंग मिळालेली दिसत नाही, आणि डब्यातली जुनी बसवली. कुलूप जोडून दिलं, तेल घालून. गेला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं.

मी कपाळाला हात लावला. कुलूप परत दिलंस?

"आहेर कुणी परत घेतं व्हय, आक्का?" तो म्हणाला. "लावू दे रिकाम्या खोलीला."

प्रशांत तिसऱ्या दिवशी साताऱ्यात आला. ओरडला नाही, समोरच्या फुटपाथवर नुसता उभा राहिला, दुपारपर्यंत. सुभेदार दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. मग तो गेला. शहाण्णवला फारकत झाली. दिपा आता साताऱ्यातच शिवणकाम करते. खोलीचं दार तिला उघडं लागतं, पण ते आमच्या घरात कुणालाच वेगळं वाटत नाही.

इथं मी सांगणं थांबवलं असतं. पण सत्त्याण्णवच्या मार्चात बातमी आली, प्रशांतचं दुसरं लग्न ठरलंय. मुलगी आटपाडीची. ज्ञानूनं ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. ती खोली रिकामी राहणार नव्हती, आणि कुलूप त्यानं स्वतः तेल घालून दिलं होतं.

आम्ही दोघं आटपाडीला गेलो. मुलीचा बाप धनाजी, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. ज्ञानूनं त्याला सगळं सांगितलं, आहेरापासून केसापर्यंत, आपली चूकसुद्धा. धनाजीनं शेवटपर्यंत ऐकलं, चहा पाजला, आणि म्हणाला, फारकत झालेल्या पोरीचा बाप दुसरं काय सांगणार. मुलगा बघितलाय आम्ही, लय शांत हाय.

मुलगी कप न्यायला आली. पायल नाव. एकोणीस-वीसची असेल. धनाजी टँकरची हाक आली म्हणून बाहेर गेला तेवढ्यात ज्ञानूनं खिशातून किल्ली काढली. कुलूप समोर नसताना, नुसत्या डोक्यातल्या मापांवर घासलेली, सहाही दात नीट. तिच्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो राखून ठेवलेला डाव बोलला.

"आडली तर आधी उलटी फिरव, बाळ. मग सुटंल."

तिला काहीच कळलं नसावं. पण तिनं किल्ली कमरेला खोचली आणि कप घेऊन आत गेली. आम्ही तिला आमचा पत्ता लिहिलेलं कार्डही देऊन आलो, नुसतं पेटीत टाकायचं.

लग्न मे महिन्यात झालं म्हणतात. त्याला आता दोन वर्षं होत आली. ज्ञानू अजून पोस्टमनच्या वेळेला दारात येऊन बसतो. मी त्याला समजावते, पत्र येत नाही म्हणजे पोरीचं बरं चाललं असेल.

"दिपाचं बी येत नव्हतं," तो म्हणतो.